एआय वापरा, पण पहिला हात तुमचा असू द्या: नव्याने वापरणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

एआय चॅटबॉट नुकताच हाताशी आलाय, रोज काही ना काही त्याला विचारायची सवय लागत चाललीय आणि मधूनच मनात येतं की अरे आपण स्वतः विचार करणं कमी केलंय का, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी एआयच्या विरोधात अजिबात नाही, रोज वापरतो आणि पुढेही वापरणार. पण तो कधी उघडायचा याचा क्रम फार महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी स्वतः, मग एआय, मग परत स्वतः. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमावर उभ्या आहेत.

याला आधार आहे. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, काहींना असा दिला की जो शिक्षकांनी तयार केलेले इशारे देईल पण सरळ उत्तर सांगणार नाही, आणि बाकीच्यांना नेहमीसारखं वही-पुस्तक. सरावात साध्या चॅटबॉटवाल्या मुलांचे मार्क ४८ टक्क्यांनी जास्त आले, इशारेवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साध्या चॅटबॉटवाली मुलं एआय कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाली मुलं साधारण वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीने राहिली. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही की मागे पडलेल्या मुलांना आपण कमी शिकलोय हे जाणवलंच नव्हतं. म्हणजे नुकसान होत असताना काही दुखत नाही, त्यामुळे "मला कळेल तेव्हा थांबेन की" यावर भरवसा ठेवता येत नाही, सवयी आधीपासूनच लावून घ्याव्या लागतात.

पायरी १: आधी कामं वेगळी करा

चॅटची हिस्ट्री उघडा आणि गेल्या आठवड्यात काय काय विचारलं ते वर-खाली स्क्रोल करून बघा. प्रत्येक गोष्टीसमोर एकच प्रश्न विचारायचा, "हे मला एआय नसताना जमायला हवं का?"

फाइलची नावं बदलणं, एका तक्त्यातली माहिती दुसऱ्या फॉरमॅटमध्ये टाकणं, शंभर ओळींची यादी अक्षरांच्या क्रमाने लावणं, असल्या कामांचं उत्तर बहुतेकांसाठी "नाही" येईल. ती खुशाल देऊन टाका, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण निर्णय घेणं, आपलं म्हणणं मांडणं, कुणी काही सांगितलं तर त्यातलं खरं-खोटं पारखणं, आपल्या कामात बिघाड कुठे झालाय ते शोधणं, याचं उत्तर "हो" असणार. खालच्या पायऱ्या फक्त या "हो" वाल्या कामांसाठी आहेत. सगळ्याच कामांना लावायला गेलात तर आठवडाभरात कंटाळून सोडून द्याल.

एक गोष्ट लक्षात घ्या, तेच काम एकाला "नाही" आणि दुसऱ्याला "हो" असू शकतं. वीस वर्षं कोड लिहिणाऱ्याने छोटंसं फंक्शन एआयकडून लिहून घेतलं तर फारसं बिघडत नाही कारण त्याला ते बघता क्षणी बरोबर-चूक कळतं, पण जो आत्ता प्रोग्रॅमिंग शिकतोय त्याच्यासाठी तेच छोटं फंक्शन म्हणजे अख्खा अभ्यास आहे. त्यामुळे दुसरा कसा वापरतो हे बघून ठरवू नका. शिकत असाल तर अभ्यासातलं जवळजवळ सगळंच "हो" मध्ये जातं.

पायरी २: चॅट उघडायच्या आधी आपलं लिहा

कुणी मला विचारलं की एकच पायरी पाळायची असेल तर कुठली, तर मी ही सांगेन.

प्रश्न मनात आला की हात आपोआप चॅटकडे जातो. तिथे थांबायचं आणि कागदावर किंवा साध्या नोटपॅडमध्ये आधी आपलं खरडायचं. मोठं काही नको, मला यातलं काय माहीत आहे, माझा अंदाज काय आहे आणि गाडी नेमकी कुठे अडलीय, एवढं पुरे. पाच-दहा मिनिटांचा टायमर लावा. चुकलं तरी चालेल, अर्धवट राहिलं तरी चालेल, वाक्यं तुटकी असली तरी काही बिघडत नाही, फक्त ते तुमच्या डोक्यातून निघालेलं पाहिजे.

आता हे आधीच का करायचं, नंतर का नाही? कारण तयार उत्तर एकदा डोळ्यासमोर आलं की आपला विचार त्याच्याच आसपास घुटमळत राहतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या एका शोधनिबंधात सांगितलेला प्रयोग यासाठी फार बोलका आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचे आणि मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत. चक्रावर १० आलेल्या लोकांचा मधला अंदाज २५ टक्के, आणि ६५ आलेल्यांचा ४५ टक्के. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता आणि तरी आकड्याने लोकांना ओढून नेलं. चॅटबॉटचं उत्तर तर प्रश्नाशी संबंधित असतं, व्यवस्थित मांडलेलं असतं, ठाम आवाजात असतं, मग ते किती ओढत असेल याचा विचार करा.

दुसरं कारण स्मरणाचं. १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी दाखवलं की जो शब्द आपण स्वतः खुणेवरून शोधून काढतो तो नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा चांगला लक्षात राहतो. यावर पुढे असंख्य प्रयोग झाले. आणि तिसरं, मनू कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांमध्ये केलेलं काम, ज्यात मुलांना आधी न शिकवलेलं अवघड गणित सोडवायला दिलं, मुलं अडखळली, बऱ्याच जणांना उत्तर आलं नाही, आणि मग शिकवलं. ही मुलं आधी शिकवून मग गणितं दिलेल्या मुलांपेक्षा संकल्पना जास्त खोलवर समजलेली निघाली. तेव्हा तुमचा पहिला प्रयत्न चुकला म्हणून तो वेळ वाया गेला असं समजू नका, त्या चुकलेल्या प्रयत्नामुळेच पुढचं उत्तर आत जातं.

एक उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. समजा नोकरी बदलायची का, हा प्रश्न आहे. सरळ चॅटबॉटला विचारलं तर तो फायदे-तोट्यांची छान यादी देईल, पगार, वाढीची संधी, प्रवासाचा वेळ, स्थैर्य वगैरे, आणि ती यादी जगातल्या कुठल्याही माणसाला लागू पडेल अशी असेल. तुम्ही ती वाचाल, मान डोलवाल आणि तिच्याच रकान्यांत विचार करायला लागाल. पण आधी दहा मिनिटं स्वतः लिहायला बसलात तर कदाचित तिसऱ्याच ओळीत येईल की कामाचा त्रास नाहीच, गेल्या सहा महिन्यांत जो नवा वरिष्ठ आलाय त्याच्यामुळे सकाळी उठावंसं वाटत नाही. म्हणजे प्रश्नच वेगळा निघाला! टीम बदलून मिळेल का हे विचारायला हवं होतं. हा प्रश्न एआय तुमच्यासाठी शोधू शकत नाही कारण ही माहिती त्याच्याकडे नाही, ती तुमच्या मनात होती आणि लिहिल्याशिवाय तुम्हालाही दिसली नसती. स्वतःचा प्रश्न स्वतः घडवणं हे माणसाने सगळ्यात शेवटपर्यंत सोडू नये असं काम आहे.

पायरी ३: विचारताना उत्तर मागू नका, मदत मागा

आता चॅट उघडा. पण जे खरडलंय ते आत टाका आणि त्यावर काम करून घ्या. तुर्कस्तानच्या प्रयोगात दोन चॅटबॉटमधला मुख्य फरक हा होता की एक उत्तर द्यायचा आणि दुसरा इशारा, आणि परीक्षेत केवढा फरक पडला ते वर आलंच. खाली काही वाक्यं देतोय, जशीच्या तशी कॉपी करून ठेवली तरी चालतील:

- "उत्तर सांगू नकोस. खाली माझा प्रयत्न दिलाय, तो कुठे घसरतोय तेवढंच दाखव."
- "मला पुढची एकच पायरी सुचेल इतका छोटा इशारा दे आणि थांब."
- "मी हा विषय समजावून सांगतो, तू नवख्या माणसासारखे प्रश्न विचार, माझं जिथे गुळमुळीत होईल तिथे अडव."
- "माझ्या या निर्णयाला विरोध करणारा जाणकार माणूस काय म्हणेल?"

तिसरं वाक्य माझं सगळ्यात आवडतं आहे. त्यात भूमिका उलटी होते, बोलायचं तुम्ही, शंका काढायच्या त्याने, आणि आपल्याला काय येत नाही ते लगेच उघडं पडतं.

दोन अडचणी येतील. एक म्हणजे चार-पाच मेसेजनंतर चॅटबॉट इशारा सोडून हळूच पूर्ण उत्तर द्यायला लागतो, तेव्हा परत आठवण करून द्यायची. काही चॅटबॉटमध्ये अभ्यासासाठी वेगळा मोड असतो तो चालू केला तर हे जरा कमी होतं. दुसरी अडचण आपलीच, दोन इशाऱ्यांत जमलं नाही की "जाऊ दे, सांग आता" असं टाइप करायचा मोह होतो. तेव्हा उठून पाणी प्या, एक चक्कर मारा आणि परत बसा. तरीही नाहीच जमलं तर उत्तर घ्या, काही हरकत नाही, पण मग पाचवी पायरी चुकवायची नाही.

पायरी ४: मिळालेलं उत्तर पारखा

चॅटबॉट वाक्य तयार करतो ते आधीच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे या अंदाजावर. त्यामुळे बरोबर असताना आणि चुकीचं असताना त्याचा सूर तोच, तसाच गुळगुळीत आणि आत्मविश्वासाचा. माणूस अंदाजपंचे बोलत असेल तर निदान कधीकधी अडखळतो, तशी खूण इथे मिळत नाही.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक प्रकरण झालं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल दाखले म्हणून दाखल केले आणि त्यातले कित्येक निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की वकिलाने चॅटजीपीटीला विचारलं होतं, हे निकाल खरे आहेत का, आणि त्याने हो सांगितलं होतं. म्हणजे ज्याने सांगितलं त्यालाच विचारून खात्री होत नाही. बाहेर जाऊन बघावं लागतं.

सगळंच तपासायला वेळ कुणाकडे नसतो हे मान्य. म्हणून असं करा, उत्तरातल्या अशा दोन-तीन गोष्टी निवडा की ज्या चुकल्या तर सगळा डोलारा कोसळेल, म्हणजे एखादा आकडा, एखादं नाव, एखादा नियम, आणि त्या मूळ ठिकाणी जाऊन बघा, मूळ कायदा, मूळ पुस्तक, मूळ वेबसाइट. बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

दुसरा धोका जास्त गोड आहे. चॅटबॉट बऱ्याचदा आपलीच री ओढतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला आपल्या एका मॉडेलचं अपडेट मागे घ्यावं लागलं होतं कारण ते वापरणाऱ्यांची नको तितकी वाहवा करायला लागलं होतं. ते अपडेट गेलं तरी ही प्रवृत्ती पूर्ण गेलेली नाही. यावर सोपा उपाय म्हणजे नवीन चॅट उघडायचा आणि आपलं मत दुसऱ्याचं म्हणून मांडायचं, "एकाने असं असं ठरवलंय, यात काय चुकतंय?" त्याला तुमची बाजू कुठली तेच कळलं नाही तर गोड बोलायला जागा कमी उरते. आणि कधीकधी मुद्दाम उलटं मत मांडून बघा, त्यालाही तो तितक्याच उत्साहाने हो म्हणाला तर पहिल्या "हो" ची किंमत काय ते तुमचं तुम्हीच ठरवा.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी २०२५ मध्ये ऑफिसात एआय वापरणाऱ्या ३१९ जणांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. एआयवर ज्यांचा विश्वास जास्त होता ते स्वतः कमी पारखत होते, आणि स्वतःच्या कामावर ज्यांचा विश्वास जास्त होता ते जास्त पारखत होते. हे लोकांनी स्वतःच सांगितलेलं आहे, मोजलेलं नाही, तरी मला ते पटतं, कारण पारखायला आधी आपल्याला काहीतरी यावं लागतं. म्हणूनच पहिली आणि दुसरी पायरी आधी आहे.

पायरी ५: खिडकी बंद करा आणि परत मांडा

ही लोक सगळ्यात जास्त वेळा सोडून देतात कारण काम तर झालेलं असतं. उत्तर मिळालं, समजलं असं वाटलं, पुढच्या कामाला लागलो.

पण समजलं असं वाटणं आणि समजणं यात बरंच अंतर असतं. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना विचारलं की कपड्याची चेन, कुलूप अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती समजलंय, स्वतःला मार्क द्या. मग म्हणाले, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर लोकांनी स्वतःचे मार्क स्वतःच खाली आणले. चॅटबॉटचं सोपं करून सांगितलेलं उत्तर वाचताना नेमकं हेच होतं, वाचताना सगळं लख्ख असतं.

म्हणून चॅट बंद करा, स्क्रीन मिटवा, आणि आत्ता कळलेलं चार-पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा किंवा मोठ्याने बोला. बघून नाही. मग परत उघडून ताडून बघा. जे सुटलं तेवढंच परत वाचा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने एकदाच वाचण्याचा टप्पा करून नंतर तीनदा न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनंतरचा निकाल बघून आपण स्वतःला फसवतो आणि एआयच्या बाबतीत तर कायमच पाच मिनिटांनंतरचाच निकाल आपल्यासमोर असतो.

महत्त्वाचं असेल तर तेच दोन दिवसांनी आणि आठवड्याने परत आठवून बघा. बस इतकंच.

पायरी ६: लिखाणाचा पहिला मसुदा स्वतःचा

ईमेलचं उत्तर, मीटिंगची वेळ कळवणारा मेसेज, हे एआयने लिहिलं तर लिहू दे. पण ज्या लिखाणात तुमचं मत आहे, ज्यावर तुम्हाला उद्या कुणी प्रश्न विचारणार आहे, ते आधी तुम्ही लिहा, कितीही ओबडधोबड झालं तरी. लिहिताना विचार जुळतात, आपलंच म्हणणं कुठे पोकळ आहे ते तिथेच कळतं. मसुदा झाला की मग एआयला द्या, शुद्धलेखन बघ, कुठे पाल्हाळ लागलंय ते सांग, कुठला मुद्दा पुराव्याशिवाय आहे ते दाखव. "सुधारून दे" म्हणू नका, "काय सुधारायला हवं ते सांग" म्हणा आणि सुधारणा स्वतःच्या हाताने करा, नाहीतर तुमची भाषा दोन मिनिटांत पुसली जाते आणि सगळ्यांसारखी होते.

सगळ्यांसारखी हे उगाच म्हणत नाही. दोशी आणि हाउसर यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांनी एआयकडून कल्पना घेऊन छोट्या गोष्टी लिहिल्या त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना एकेक करून बघितल्या तर जास्त चांगल्या वाटल्या, पण सगळ्या एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींसारख्या व्हायला लागल्या होत्या. एकट्याचा फायदा आणि सगळ्यांचा तोटा.

पायरी ७: काही काम मुद्दाम एआयशिवाय करत राहा

एकदा आलेलं कौशल्य तसंच राहतं असं आपण धरून चालतो, तसं होत नाही. विमानात ऑटोपायलट कित्येक वर्षांपासून आहे, आणि तरी २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, कंपन्यांना सूचना काढली की जिथे सुरक्षित आहे तिथे पायलटना हाताने विमान चालवायला प्रोत्साहन द्या, कारण सतत ऑटोपायलटवर राहून अचानक हाताने सावरायची वेळ आली तर ते जमण्याची क्षमता कमी होऊ शकते. लिझॅन बेनब्रिज यांनी तर १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे फक्त यंत्र अडकल्यावरचं अवघड काम उरतं, आणि नेमका त्याचाच सराव त्याला मिळत नाही.

डॉक्टरांबद्दलही एक अभ्यास २०२५ मध्ये आला. पोलंडमधल्या चार केंद्रांवर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर होते. एआय येण्याआधी त्यांना २८.४ टक्के तपासण्यांमध्ये पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठी सापडायच्या. एआय वापरात आल्यानंतर ज्या तपासण्या एआयशिवाय केल्या त्यात हे प्रमाण २२.४ टक्के झालं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, बाकीची कारणंही असू शकतात, तरी हजारो तपासण्या केलेल्या लोकांबाबत अशी शंका येते तर आपण नवखे किती जपायला हवं.

तेव्हा पहिल्या पायरीतल्या "हो" वाल्या कामांमधलं एखादं काम आठवड्यातून ठरलेल्या वेळी पूर्ण एआयशिवाय करा. एक पान लिहा, एक गणित सोडवा, एक मोठा लेख वाचून त्याचा सारांश स्वतः काढा, प्रोग्रॅममधला एखादा बग म्हणजे चूक हाताने शोधा. लांबलचक वाचन यात जरूर ठेवा. सारांश वाचायची सवय लागली की लेखक एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा गेला हे बघणंच बंद होतं आणि युक्तिवाद पारखायची ताकद तिथेच तयार होत असते.

ऑफिसात आणि घरात

"बॉसला संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवाय, मी कुठे दहा मिनिटं खरडत बसू?" हा प्रश्न रास्त आहे. डेडलाइन डोक्यावर असेल त्या दिवशी दुसरी पायरी दोन मिनिटांची करा, तीन ओळी लिहा आणि पुढे जा. पण रिपोर्ट पाठवायच्या आधी एवढं तरी बघा की यातल्या प्रत्येक परिच्छेदावर कुणी "का?" विचारलं तर मला न बघता उत्तर देता येईल का. येत नसेल तो परिच्छेद काढा किंवा समजून घ्या. दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही, सही तुमची असते.

घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर बंदी घालून फार काही साधत नाही, ती दुसरीकडे वापरतात. त्यापेक्षा "उत्तर काय आलं" याऐवजी "तुला आधी काय वाटलं होतं" हे विचारायची सवय ठेवा. आणि मूल अडकलेलं असताना लगेच उत्तर सांगू नका, एआयनेही नाही आणि तुम्हीही नाही. थोडं अडकू द्या. ज्याने अजून एखादी गोष्ट एकदाही स्वतः केलेली नाही त्याच्याकडे पारखायला काहीच नसतं, त्यामुळे लहान मुलांच्या बाबतीत मी मोठ्यांपेक्षा जास्त कडक राहायला सांगेन.

जमतंय का ते कसं बघायचं

जाणवण्यावर विसंबून चालत नाही हे वर आलंय, म्हणून मोजायला हवं. आज, म्हणजे सवयी सुरू करायच्या आधी, तुमच्या "हो" यादीतलं एक काम एआयशिवाय करा, वेळ लावून. एक पानभर टिपण, एक निर्णयाचा आराखडा, जे असेल ते. किती वेळ लागला, कुठे अडलात आणि कितीदा चॅट उघडावासा वाटला ते खाली लिहा, तारीख टाका आणि ठेवून द्या. महिन्याने त्याच जातीचं पण नवीन काम तसंच करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. वेळ कमी-जास्त झाला तर फार मनावर घेऊ नका, विचार कुठपर्यंत गेलाय ते बघा, कारणं दिलीत का, उलट बाजू सुचली का, अडल्यावर पुढचा रस्ता स्वतः काढलात का. शक्य असल्यास हे दोन कागद अशा माणसाला वाचायला द्या जो तुमचं काम ओळखतो, आणि कुठला आधीचा ते त्याला सांगू नका. ज्या कामात घसरण दिसेल त्या कामाला पुढचा महिनाभर एआय फक्त स्वतःचं काम पूर्ण झाल्यावर ते तपासण्यापुरता ठेवा, तिसरी पायरी पूर्ण वगळा आणि इशारेसुद्धा घेऊ नका. मग परत एक कागद.